दायम्योंच्या कागदी नोटा: हान्सात्सु आणि त्यांची पत

खुर्दा (धागाकर्ता):

नोकरीनिमित्त तोक्योत राहत असताना एका देवळाच्या आवारात भरणाऱ्या जुन्या बाजारातून मी कागदाची एक पट्टी विकत घेतली होती. ती वीतभरही लांब नाही आणि रुंदीला जेमतेम दोन बोटे आहे. कागद आपल्या नोटेपेक्षा बराच जाड आहे आणि कडा हाताळून कापडासारख्या मऊ झाल्या आहेत. वरच्या भागात भाताच्या पोत्यांवर उभा असलेला, हातात लाकडी हातोडा घेतलेला दाइकोकु हा देव आहे आणि त्याच्याखाली ठसठशीत अक्षरांत 'चांदी, एक मोम्मे' असे छापले आहे. मागच्या बाजूला एकावर एक इतके शिक्के उमटवले आहेत की कोणता आधीचा आणि कोणता नंतरचा हे सहज कळत नाही. विकणाऱ्या आजोबांनी ती पट्टी पुस्तकात खूण म्हणून घालायला छान आहे, असे सांगून दिली. प्रत्यक्षात ती हान्सात्सु, म्हणजे तोकुगावा काळातील एका संस्थानाची नोट होती. तेव्हापासून या विषयाने मला धरून ठेवले आहे आणि मराठीत त्यावर फारसे लिहिलेले आढळत नाही, म्हणून हा धागा.

जपानी भाषेत 'हान' म्हणजे दायम्योचे, म्हणजे मुलूख सांभाळणाऱ्या सरदाराचे, संस्थान आणि 'सात्सु' म्हणजे नोट. तोकुगावा घराण्याच्या शोगुनशाहीत (१६०३ ते १८६८) सोने, चांदी आणि तांबे यांची नाणी पाडण्याचा अधिकार शोगुनने, म्हणजे देशाच्या लष्करी सत्ताधीशाने, आपल्याकडे ठेवला होता. दायम्यो आपल्या मुलखात कर बसवत असे, न्यायनिवाडा करत असे आणि फौज बाळगत असे. टांकसाळ मात्र त्याला चालवता येत नव्हती. कागद छापायला मात्र सुरुवातीला कोणी मनाई केली नव्हती, आणि याच फटीतून पुढची सगळी गोष्ट घडली.

त्या काळातील नाण्यांची रचना समजल्याशिवाय नोटांची गरज कळत नाही. पूर्वेकडे, एदोच्या (आजच्या तोक्योच्या) बाजूला, व्यवहार सोन्याच्या र्‍यो या नाण्यात चालत असे आणि ती नाणी मोजून घेतली जात. पश्चिमेकडे, ओसाका आणि क्योतोच्या बाजूला, चांदी चाले. ती मोजून नव्हे तर तोलून दिली जाई. चांदीच्या लांबट लगडी आणि घेवड्याच्या दाण्याएवढे तुकडे तराजूत घालून मोम्मेच्या हिशेबाने (एक मोम्मे म्हणजे ३.७५ ग्रॅम) देणेघेणे होत असे. किरकोळ खरेदीसाठी भोकाची तांब्याची नाणी होती. सन १७०० मध्ये शोगुनशाहीने एका र्‍योला ६० मोम्मे चांदी किंवा ४,००० तांब्याची नाणी असा दर ठरवून दिला. बाजार मात्र त्याच्या वर-खाली चालत राहिला. आता अर्धा मोम्मे चांदी द्यायची असेल तर दुकानदाराने दर वेळी तराजू काढायचा, तुकडा घासून कस पाहायचा आणि मोड कुठून आणायची याची चिंता करायची, हा केवढा उपद्व्याप असेल, याची कल्पना करून पाहावी.

म्हणूनच जपानमधील पहिली कागदी नोट कोणा राजाने काढली नाही. ती इसे येथील महामंदिराच्या पायथ्याशी असलेल्या यामादा गावात, यात्रेकरूंची सोय पाहणाऱ्या पुरोहित-व्यापाऱ्यांनी सन १६०० च्या सुमारास काढली. चांदीची मोड परत देता येत नसेल तर तेवढ्या रकमेची चिठ्ठी द्यायची, अशी ती पद्धत होती आणि तिला 'यामादा हागाकी' म्हणत. आज जपानी माणूस पोस्टकार्डाला हागाकीच म्हणतो. या चिठ्ठ्या थेट मेइजी काळापर्यंत, म्हणजे शोगुनशाही संपून सम्राटाचे सरकार येईपर्यंत, चालल्या. दीर्घकाळ टिकलेल्या या नोटेमागे राजाज्ञा नव्हती, तर रोज वटवून देणारा ओळखीचा माणूस होता.

संस्थानांमध्ये नोटा काढल्याचा भक्कम पुरावा मिळतो तो १६६१ मधील फुकुई संस्थानाचा. (योगायोग असा की युरोपातील पहिल्या बँक नोटाही त्याच वर्षी स्टॉकहोममध्ये निघाल्या.) फुकुईच्या मुलखातच एचिझेनचा हातकागद बनत असे, त्यामुळे उत्तम कागदासाठी त्यांना कुठे जावे लागले नाही. फुकुईचे पाहून इतरांनीही नोटा काढल्या. दायम्योंचा खर्च वाढतच चालला होता: एक वर्ष एदोत आणि एक वर्ष आपल्या मुलखात राहण्याच्या सक्तीमुळे दोन ठिकाणचे वाडे, शेकडो माणसांचा लवाजमा आणि प्रवास यांचा भार होता. उत्पन्न भातात येई, खर्च नाण्यांत होई आणि मधला फरक ओसाकाचे सावकार भरून काढत. अशा दायम्योला आपल्याच प्रजेकडून बिनव्याजी कर्ज घेण्याचा मार्ग नोटांच्या रूपाने सापडला.

नोट चालवण्याची पद्धत साधारणपणे अशी होती. संस्थानाच्या राजधानीत 'फुदाझा' नावाची कचेरी उघडली जाई. तिचे काम बहुधा श्रीमंत व्यापाऱ्यांकडे दिले जाई आणि नोटेवर दायम्योपेक्षा या व्यापाऱ्याचे नाव व शिक्का ठळक असे, कारण लोकांचा भरवसा त्याच्या तिजोरीवर होता. बऱ्याच संस्थानांनी आपल्या हद्दीत नाण्यांवर बंदी घालून फक्त नोटाच चालतील असा हुकूम काढला. बाहेरून आलेल्या माणसाने आपली चांदी कचेरीत देऊन नोटा घ्यायच्या आणि मुलूख सोडताना नोटा देऊन चांदी परत घ्यायची. परत घेताना थोडा बट्टा कापला जाई. जमा झालेली चांदी कचेरीत पडून राही आणि तिच्या बळावर नोटा चालत. अडचण आली की दायम्योचा हात त्याच चांदीकडे जाई, आणि तेथून पुढे नोटेचे दिवस भरत येत.

माझ्या मते हान्सात्सुचा सगळा इतिहास एका प्रश्नाभोवती फिरतो: नोट घेऊन कचेरीच्या दारात गेलो तर दार उघडे असेल का? पुढच्या प्रतिसादांत आकोचे संस्थान, हिमेजीचे कापड आणि नदीकाठची एक होळी यांविषयी लिहिण्याचा विचार आहे. त्याआधी कोणाला काही विचारायचे असल्यास अवश्य विचारावे.

हिशेबनीस:

लेख आवडला. एक शंका आहे. आपल्याकडील हुंडी आणि ही नोट यांत फरक काय? हुंडीही कागदच होता आणि तीही सावकाराच्या पतीवरच चालत असे.

खुर्दा:

प्रश्न रास्त आहे. हुंडीत कोणी, कोणाला, कुठे आणि किती दिवसांनी पैसे द्यायचे हे लिहिलेले असते. ती दर्शनी असो वा मुदती, एका व्यवहारासाठी लिहिली जाते आणि पैसे दिल्यावर संपते. ओसाकाच्या पेढ्यांवर तशा चिठ्ठ्यांचा मोठा व्यवहार होता, तो हुंडीला जवळचा आहे. हान्सात्सुवर मात्र घेणाऱ्याचे नाव नाही, मुदत नाही आणि रक्कम इतकी लहान आहे की तिच्यावर मीठ आणि तेलही आणता येते. जो हातात धरील तो मालक. म्हणून नोट बुडाली की हुंडीसारखा एखादा व्यापारी बुडत नसे, तर कुंभारापासून कोळणीपर्यंत सगळे बुडत.

घाटमाथा:

आमचे घराणे मराठवाड्यातील आहे. आजोबांच्या बोलण्यात 'हाली' आणि 'कलदार' असे दोन रुपये सतत येत असत. हाली सिक्का निजामाचा आणि कलदार इंग्रजांचा. सात हाली रुपयांना साधारण सहा कलदार मिळत. निजामाने १९१८ पासून स्वतःच्या नोटाही काढल्या होत्या. हद्द ओलांडून सोलापूरच्या बाजाराला जायचे तर पैसे बदलून घ्यावे लागत आणि बदलून देणारा आपला वाटा काढून घेई. धाग्यातील हद्दीवरचा बट्टा वाचून तेच आठवले. पण जपानमध्ये शोगुनने हा प्रकार चालू कसा दिला, हे मला कळले नाही. स्वतःची नाणी असताना कोणता सत्ताधीश दुसऱ्याचा कागद चालवून घेईल?

खुर्दा:

शोगुननेही तो कायम चालवून घेतला नाही. सन १७०७ मध्ये शोगुनशाहीने सर्व हान्सात्सुंवर बंदी घातली आणि ५० दिवसांत नोटा वटवून संपवण्याचा हुकूम काढला. त्याआधीच्या दशकात नाण्यांतील सोने-चांदी कमी करून नवी, हलकी नाणी काढली गेली होती आणि ती देशभर खपावीत ही त्यामागची गरज होती. संस्थानांचा कागद असेल तिथे शोगुनची हलकी चांदी कोण घेणार? त्याच वर्षी प्रचंड भूकंप झाला आणि वर्षाअखेरीस फुजी पर्वताचा उद्रेक झाला, त्यामुळे दायम्यो कंबरेत वाकले होते. पन्नास दिवसांत पूर्ण चांदी मोजून देणे बहुतेकांना झेपणारे नव्हते.

ही बंदी १७३० मध्ये आठवा शोगुन योशिमुने याने उठवली. त्या सुमारास भाताचे भाव पडले होते आणि भातावर जगणारे सामुराई व दायम्यो हैराण झाले होते. त्याच वर्षी त्याने ओसाकातील दोजिमा येथील भाताच्या वायदेबाजारालाही अधिकृत मान्यता दिली. या दोन निर्णयांमागचे दुखणे एकच होते, असे मला वाटते: भाताला पैसा मिळत नाही, तर निदान पैसा तरी वाढवावा. परवानगीला मुदत होती. दोन लाख कोकु किंवा अधिक उत्पन्नाच्या संस्थानांना २५ वर्षे आणि त्याखालच्यांना १५ वर्षे. (एक कोकु म्हणजे सुमारे १८० लिटर भात, एका माणसाला वर्षभर पुरेल इतका, असा जुना हिशेब.) मुदत संपली की ती वाढवून घेतली जाई. शोगुनशाहीने स्वतः मात्र १८६७ पर्यंत, म्हणजे अगदी अखेरच्या वर्षापर्यंत, कागदी नोट काढली नाही.

रातराणी:

आकोच्या सत्तेचाळीस रोनिनांनी, म्हणजे धनी गमावलेल्या सामुराईंनी, धन्याचा सूड घेतल्याची कथा ठाऊक आहे. तिचा नोटांशी काय संबंध?

खुर्दा:

त्या कथेतील हा भाग नाटकांत फारसा दाखवत नाहीत, पण मला तोच सर्वांत जिवंत वाटतो. सन १७०१ च्या वसंतात आकोचा दायम्यो असानो नागानोरी याने एदोच्या किल्ल्यात किरा या अधिकाऱ्यावर तलवार उपसली. त्याच दिवशी त्याला सेप्पुकु (पोट चिरून आत्महत्या) करावे लागले आणि संस्थान जप्त झाले. ही बातमी घेऊन दोन सामुराई डोलीत बसून रात्रंदिवस प्रवास करत सुमारे ६०० किलोमीटर अंतर पाच दिवसांच्या आत कापून आकोला पोचले. मागोमाग ती बाजारातही पसरली.

आको मिठागरांसाठी प्रसिद्ध होते आणि तिथे १६८० पासून चांदीच्या नोटा चालत होत्या. संस्थान राहणार नाही म्हणजे त्याच्या नोटाही राहणार नाहीत, हे कळायला कोणाला पंडित लागत नव्हता. मीठवाले, दुकानदार आणि सावकार यांनी नोटांची पुडकी घेऊन कचेरीसमोर गर्दी केली. अशा वेळी जप्त झालेली संस्थाने बहुधा हात वर करत, कारण तिजोरीतील चांदी वाटून घेण्यासाठी बेकार होणारे सामुराईच पुरेसे असत. मुख्य कारभारी ओइशी कुरानोसुके याने मात्र दर्शनी किमतीच्या ६० टक्के दराने नोटा वटवून देण्याचे ठरवले. दहा मोम्मेच्या नोटेला सहा मोम्मे चांदी. आज हा दर ऐकून आपण नाक मुरडू, पण त्या काळच्या मानाने ती उदार रक्कम होती आणि त्यामुळे गावात दंगल न होता किल्ला सुपूर्द करता आला. नोटांच्या कचेरीचा हिशेब ओकाजिमा यासोएमोन नावाच्या सामुराईकडे होता. पुढे किराच्या वाड्यावर चालून गेलेल्या सत्तेचाळिसांत तोही होता. तलवारीच्या कथेत हा माणूस कोपऱ्यात उभा असतो. त्या आठवड्यात त्याने काउंटरमागे बसून काय सोसले असेल, याचा मी अनेकदा विचार करतो.

हिशेबनीस:

६० टक्के! आपल्याकडे बुडीत पतपेढीच्या ठेवीदाराला विचारा, तो आनंदाने घेईल.

मला जाणून घ्यायचे आहे की नोटा किती छापायच्या यावर काही बंधन होते का. तिजोरीतील चांदी आणि बाजारातील कागद यांचे प्रमाण कोण पाहत असे?

खुर्दा:

कागदोपत्री प्रमाण ठरलेले असे, पण ते पाहणारा आणि मोडणारा बहुधा एकच असे. कागाचे संस्थान दहा लाख कोकुंचे, शोगुनखालोखाल सर्वांत श्रीमंत. त्यांनी १७५५ मध्ये चांदीच्या नोटा काढल्या. काही महिन्यांतच नोटेचा भाव घसरला, तांदळाचे भाव भडकले आणि १७५६ मध्ये कानाझावा शहरात जमावाने व्यापाऱ्यांची घरे-दुकाने फोडली. नोटा मागे घ्याव्या लागल्या. उत्तरेकडील अकिता संस्थानातही १७५५ मध्येच नोटा आल्या आणि दोन वर्षांत बुडाल्या. तिथे हा वाद वारसाहक्काच्या भांडणात मिसळला आणि नोटांचे समर्थक असलेल्या अधिकाऱ्यांना कडक शिक्षा झाल्या. विशेष म्हणजे अकिताकडे स्वतःच्या चांदीच्या आणि तांब्याच्या खाणी होत्या. खाण असूनही पत नाही, अशी त्यांची गत झाली. जमिनीत चांदी असणे आणि काउंटरवर ती मोजून मिळणे यांत मोठे अंतर असते.

याउलट हिमेजीचे उदाहरण आहे. त्या संस्थानावर एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी ७,३०,००० र्‍यो कर्ज होते. कावाई नावाच्या कारभाऱ्याने कापसाकडे लक्ष वळवले. हिमेजीच्या परिसरात उत्तम पांढरे सुती कापड विणले जात होते, पण ते ओसाकाच्या दलालांच्या हातून जाई आणि नफा तिथेच राही. कावाईने ते कापड संस्थानामार्फत विकत घेऊन थेट एदोला विकण्याची शोगुनशाहीकडून परवानगी मिळवली. शेतकरी आणि विणकर यांना मोबदला संस्थानाच्या नोटांत मिळे, आणि एदोतील ठोक व्यापाऱ्यांकडून सोने येई. म्हणजे नोट निघाली तेव्हाच तिच्या पाठीमागे कापडाचा गठ्ठा होता आणि तो गठ्ठा विकला गेला की सोने होते. कावाईच्या हयातीतच ते डोंगराएवढे कर्ज फिटले. विणकरांना नाण्यांऐवजी कागद घेण्याची सक्ती होती आणि भाव संस्थानच ठरवत असे, ही बाजू विसरू नये. कारभाऱ्याचे कौतुक करताना मागावर बसलेल्याचा हिशेब आपण सहसा मांडत नाही.

मालाशी नोट जोडण्याची कल्पना काही ठिकाणी आणखी पुढे गेली. भाताच्या नोटा होत्याच, पण मिनो प्रांतातील कानो संस्थान कागदी छत्र्यांसाठी प्रसिद्ध होते, तर त्यांनी चक्क छत्र्यांच्या हिशेबात नोटा काढल्या.

रातराणी:

छत्र्यांच्या नोटा! पावसात भिजल्या तर काय?

आता थोडे गंभीर. नोट हाताने छापलेली, ठसा लाकडाचा. मग बनावट नोटा करणे सोपे नव्हते का?

खुर्दा:

सोपे होते आणि केल्याही जात. पकडला गेला तर मरणाची शिक्षा असे. त्यापेक्षा उपयोगी इलाज कागदातच होता. ओसाकाजवळच्या नाजिओ गावात गाम्पी झुडपाच्या धाग्यांत तिथली रंगीत माती मिसळून कागद बनवत. तो कीड लागण्यापासून वाचे, सहज जळत नसे आणि मुख्य म्हणजे ती माती दुसरीकडे मिळत नसे. म्हणून कितीतरी संस्थाने नोटांसाठी नाजिओचा कागद मागवत. काही कागदांत उजेडाला धरल्यावर दिसणारी खूण घातलेली असे. चित्राच्या बारीक रेघांत मुद्दाम लपवलेली अक्षरे असत, जी फक्त कचेरीतल्या माणसाला ठाऊक.

आकड्यांचाही इलाज होता. जपानी लिपीत 'एक' म्हणजे एक आडवी रेघ आणि 'तीन' म्हणजे तीन रेघा. दोन रेघा ओढल्या की एकाचे तीन होतात. म्हणून नोटेवर एकासाठी निराळे, किचकट अक्षर वापरत. आपण धनादेशावर 'अक्षरी रुपये' लिहितो त्यातलाच हा प्रकार.

आणि आपल्याला खास वाटेल अशी गोष्ट. लोकांना वाचता येणार नाहीत अशी अक्षरे छापली तर नक्कल करणारा चुकतो, या विचाराने काही संस्थानांनी डच अक्षरे वापरली, तर काहींनी सिद्धम् लिपीतील संस्कृत अक्षरे. बौद्ध धर्माबरोबर ही लिपी भारतातून चीनमार्गे जपानला गेली आणि तिथल्या मठांत टिकली. माझ्या पट्टीवरचा दाइकोकु म्हणजे मुळात आपला महाकाल. वाटेत त्याचे उग्र रूप गळून पडले आणि जपानमध्ये पोचेपर्यंत तो तांदळाच्या पोत्यांवर उभा असलेला, गुबगुबीत, हसरा धनदेव झाला.

घाटमाथा:

नदीकाठच्या होळीचे राहिले.

खुर्दा:

राहिले नव्हते, मुद्दाम मागे ठेवले होते.

बिच्चू-मात्सुयामा हे पश्चिमेकडील, आजच्या ओकायामा परगण्यातील डोंगराळ संस्थान. कागदावर ते ५०,००० कोकुंचे होते. सन १८४९ मध्ये दायम्यो इताकुरा कात्सुकियो याने यामादा होकोकु या विद्वानाला खजिन्याचा कारभार दिला. होकोकु हा शेतकरी घरातला, तेलघाणा चालवणाऱ्या बापाचा मुलगा. सामुराईंना तो आपला वरिष्ठ म्हणून मुळीच पसंत नव्हता. त्याने हिशेब उघडून पाहिले तर खरे उत्पन्न २०,००० कोकुंच्याही आत होते आणि कर्ज १,००,००० र्‍यो होते. त्याने ओसाकाला जाऊन सावकारांसमोर खऱ्या आकड्यांची वही ठेवली आणि मुदत मागून घेतली, यावरूनच माणसाचा अंदाज यावा.

नोटांची अवस्था वाईट होती. तिजोरीतील चांदी आधीच्या कारभाऱ्यांनी खर्चून टाकली होती, नोटा वारेमाप छापल्या होत्या आणि विशेषतः ५ मोम्मेच्या नोटेत बनावट इतक्या शिरल्या होत्या की दुकानदार ती घेईनात. होकोकुने जाहीर केले की जुन्या नोटा घेऊन या, तीन वर्षांपर्यंत बदलून मिळतील. लोकांनी पुडकीच्या पुडकी आणली. ज्या संस्थानाकडे पैसा नाही, त्याने निकामी कागद विकत घेण्यासाठी पैसा खर्च करावा, हे कोणाही अधिकाऱ्याला वेडेपणाचे वाटले असते.

मग १८५२ मध्ये, त्यांच्या पंचांगातील नवव्या महिन्याच्या पाचव्या दिवशी, ताकाहाशी नदीच्या वाळवंटात सगळ्या नोटांचा ढीग रचण्यात आला. परत घेतलेल्या ४८१ कान ११० मोम्मेच्या आणि कचेरीत न वापरता पडून असलेल्या २३० कान १९० मोम्मेच्या, अशा एकूण ७११ कान ३०० मोम्मेच्या नोटा. (एक कान म्हणजे हजार मोम्मे, म्हणजे ही २,६६७ किलो चांदीची कागदी किंमत झाली, अथवा ६० मोम्मेच्या दराने ११,८५५ र्‍यो.) लोकांना पाहायला बोलावले होते. सकाळी आठच्या सुमारास आग लावली आणि ती संपायला दुपारचे चार वाजले. जाड हातकागद पुडक्याने जळत नाही, तो काठीने उलथत राहावा लागतो, हे ज्याने जुनी दप्तरे जाळली आहेत त्याला कळेल. आठ तास लोकांनी संस्थानाचे जुने वचन राख होताना पाहिले.

त्यानंतर होकोकुने 'एइसेन' नावाची नवी नोट काढली आणि ती मागताक्षणी वटवून मिळेल असे सांगितले. ती चालली, शेजारच्या मुलखातही घेतली जाऊ लागली. केवळ होळीने हे झाले, असे कोणी समजू नये. डोंगरातील लोखंडी रेतीपासून तीन-चार दातांची 'बिच्चू कुदळ' बनवून ती होड्यांनी नदीतून बंदरावर आणि तिथून गलबताने एदोला विकण्याची व्यवस्था त्याने त्याच वेळी उभी केली होती. एदोतून नाणी येत होती, म्हणून काउंटर उघडा राहत होता. काही वर्षांत कर्ज फिटून उलट तेवढीच शिल्लक पडल्याचे सांगितले जाते.

हिशेबनीस:

अप्रतिम. नव्या नोटा चालवण्याआधी जुन्या लोकांसमोर जाळणे हे आजच्या कोणत्याही अर्थमंत्र्याच्या छातीत धडकी भरवील. या सगळ्या नोटांचा शेवट काय झाला?

खुर्दा:

मेइजी सरकारने १८६८ मध्ये स्वतःच्या कागदी नोटा काढल्या, त्या एकूण ४ कोटी ८० लाख र्‍योंच्या. त्यांचा कागदही फुकुईकडच्या एचिझेन गावांतलाच. पण नवे सरकारही रोख देऊ शकत नव्हते. पैशाला आसुसलेल्या फुकुओका संस्थानाने तर या सरकारी नोटाच बनावट छापल्या; प्रकरण उघडकीस आल्यावर तिथल्या प्रमुखाला १८७१ मध्ये पदावरून दूर करण्यात आले.

त्याच १८७१ च्या उन्हाळ्यात सर्व संस्थाने एका हुकमाने खालसा झाली. तेव्हा मोजणी केली तर २४४ संस्थानांच्या नोटा चलनात निघाल्या, म्हणजे साधारण दर पाचांतील चार संस्थानांच्या. सरकारने ठरवले की त्या दिवशीच्या बाजारभावाने या नोटा नव्या येनमध्ये बदलून द्यायच्या. दर्शनी किंमत नाही, बाजारभाव. ज्या संस्थानाचा काउंटर उघडा होता त्याच्या प्रजेला बरी रक्कम मिळाली आणि बाकीच्यांना चिल्लर. जर्मनीत छापून आणलेल्या नव्या नोटा १८७२ पासून येऊ लागल्या, तरी लहान रकमांच्या नोटा आणि नाणी पुरेनात. म्हणून ५ सेनखालच्या (एका येनचे शंभर सेन) हान्सात्सुंवर नवी किंमत सेन आणि रिनमध्ये उमटवून त्याच आणखी काही वर्षे चालवल्या. बदलण्याचे सगळे काम १८७९ मध्ये संपले.

रातराणी:

मग तुमच्या पट्टीच्या मागे जो शिक्क्यांचा गोंधळ आहे, त्यात असा एखादा शिक्का आहे का?

खुर्दा:

आपला प्रश्न वाचून आत्ता भिंग घेऊन पुन्हा पाहिले. सर्वांत वरचा शिक्का, ज्याला मी इतकी वर्षे दुकानदाराचा समजत होतो, तो सरकारी खजिन्याचा आहे आणि त्यात 'आठ रिन' असे आहे. एका येनचे हजार रिन. र्‍यो आणि येन सारखाच धरला, तर ६० मोम्मेच्या जुन्या सरकारी दराने एका मोम्मेचे सोळा-सतरा रिन व्हायला हवे होते. म्हणजे ज्याच्या हातात ती पट्टी होती, त्याला निम्म्याहून किंचित कमी मिळाले.